सहा सेलांचा हिशेब

गेल्या मे महिन्यात पुण्यास चिरंजीवांकडे गेलो असता एका सायंकाळी माझ्यापुढे एक तंटा निवाड्यासाठी आला. वादी होता माझा बारा वर्षांचा नातू आणि प्रतिवादी त्याची नऊ वर्षांची बहीण. दोघांना वाढदिवसाला, दिवाळीला आणि पाहुण्यारावळ्यांकडून मिळालेले पैसे सूनबाईंनी दोन वर्षे एका आवर्ती ठेवीत साठविले होते. ठेवीची मुदत संपली होती. त्या पैशांतून हातात धरून खेळण्याचे एक यंत्र घ्यावयाचे, एवढ्यावर दोघांचे एकमत होते; कोणते घ्यावयाचे, यावर मात्र आठवडाभर घरात शांतता नव्हती. नातवाला ‘स्टीम डेक’ हवे होते, नातीला ‘निन्टेंडो स्विच’. कमी पडेल ती रक्कम आजोबांनी घालावी, असे एक पोटकलमही प्रस्तावात होते, आणि बहुधा त्यामुळेच निवाड्याचा अधिकार माझ्याकडे आला असावा.

“हे तुमच्या वडिलांना विचारा,” असे म्हणून मी अंग काढून घेणार होतो. तोच वर्तमानपत्रातून डोके वर न काढता चिरंजीव म्हणाले, “अण्णा, तुम्हीच ठरवा. मागच्या वेळीही तुम्हीच ठरविले होते.”

मुलांना त्यातले काही कळले नाही. मला कळले.

ही मागची वेळ १९९३ सालची. मी तेव्हा इचलकरंजीच्या शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. माझे मेहुणे अमेरिकेत नोकरीस होते आणि दिवाळीला येणार होते. त्यांनी पत्र लिहून विचारले, “दाजी, भाच्यासाठी खेळाचे यंत्र आणतो. दोन आहेत. एकाचा पडदा करडा-हिरवट आहे, दुसरा रंगीत. दुसरे महाग आहे, पण त्याची काळजी करू नका. कोणते आणू?” करड्या पडद्याचे यंत्र म्हणजे ‘गेम बॉय’. दुसऱ्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष यंत्राचा नव्हता. आमच्या घरी नुकताच रंगीत दूरदर्शन संच आला होता, आणि रंगीत वस्तू मिळत असता बिनरंगी का घ्यावी, असा सरळ विचार करून मी उलट टपाली ‘रंगीत’ असे कळविले. ज्याच्यासाठी यंत्र यावयाचे होते त्या नऊ वर्षांच्या मुलास मी विचारले नाही. तशी पद्धतही नव्हती.

यंत्र आले. त्यात सहा पेन्सिल सेल लागत. पाडव्याच्या सकाळी घातलेले सेल भाऊबिजेच्या दुपारी संपले. मेहुण्यांनी विजेवर चालविण्याचा अडॅप्टर आणला होता, पण तो अमेरिकेतील ११० ते १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या खुंटीत लावण्याची सोय नव्हती. आणखी सहा सेल आणले. ते चार दिवसही पुरले नाहीत. तिसऱ्या खेपेस मी दुकानदाराचे बिल आणि माझे वेतनपत्रक शेजारी ठेवून पाहिले आणि नियम घालून दिला, की महिन्याला सहा सेल मिळतील, तेही पगाराच्या दिवशी. पुढे सहामाही परीक्षेचे निमित्त झाले आणि यंत्र लोखंडी कपाटात गेले. मुलाने दोन-तीनदा विचारले, नंतर विचारणे सोडले. त्याने हट्ट केला नाही, याचे तेव्हा मला कौतुकच वाटले होते.

यातील विसंगती अशी, की त्याच दिवसांत मी यंत्रमागधारकांचे कर्जप्रस्ताव तपासत असे, आणि जुना माग घ्यावा की नवा, असे विचारणाऱ्या प्रत्येकास एकच गोष्ट सांगत असे. मागाची किंमत मला सांगू नका; वीज, सुटे भाग आणि कामगार धरून तो महिनाभर चालविण्यास काय पडेल ते सांगा. हा नियम घरच्या उंबरठ्याच्या आत लागू करावा, असे मला सुचले नाही.

असो. निवाडा देण्यापूर्वी जुने दप्तर वाचावे, ही आमच्या खात्याची शिस्त. म्हणून या खेपेस मी मुलांकडून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली आणि या यंत्रांचा इतिहास वाचावयास बसलो. तो इतका रंजक निघेल असे वाटले नव्हते.

निन्टेंडो ही जपानमधील क्योतो शहराची पेढी. स्थापना १८८९ सालची, आणि मूळ धंदा हानाफुदा नावाच्या फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्याचा. १९६५ साली तेथे गुनपेई योकोई नावाचा एक तरुण पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी नोकरीस लागला. फावल्या वेळात त्याने लाकडी जाळीसारखा लांब होणारा आणि टोकाशी वस्तू पकडणारा एक हात स्वतःच्या करमणुकीसाठी बनविला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला. आपल्याकडे एखाद्या वरिष्ठाने कामाच्या वेळेत खेळणी बनविल्याबद्दल खुलासा मागविला असता. यामाउची यांनी ते खेळणे बाजारात आणण्यास सांगितले, आणि त्याची दहा लाखांहून अधिक विक्री झाली. योकोई देखभाल विभागातून थेट खेळण्यांच्या विभागात गेले.

पुढे एकदा बुलेट ट्रेनच्या प्रवासात एक कंटाळलेला प्रवासी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्यांनी पाहिला, आणि त्यावरून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे खिशात मावणारे खेळ आले, अशी कथा सांगितली जाते. कथेत भर किती हे सोडून देऊ. जपानी कंपन्यांच्या आपसातील चढाओढीमुळे कॅल्क्युलेटरचे पडदे त्या काळात अतिशय स्वस्त झाले होते, हे मात्र खरे. योकोई यांचे सारे शहाणपण यात आहे. नव्या, महागड्या, अद्याप स्थिर न झालेल्या तंत्रज्ञानामागे न धावता, जे मुरले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष ठाऊक आहेत, त्याचाच कोणी न केलेला उपयोग करावयाचा. आमच्या भाषेत सांगायचे तर नव्या कारखान्याच्या भपकेबाज प्रस्तावापेक्षा वीस वर्षे नियमित व्यवहार असलेल्या खातेदाराच्या नव्या कल्पनेला कर्ज द्यावे, तसे हे.

या विचारातून एप्रिल १९८९ मध्ये जपानात गेम बॉय आला आणि त्याच उन्हाळ्यात तो अमेरिकेत पोहोचला. किंमत सुमारे ९० डॉलर. पडद्यावर हिरवट रंगाच्या चार छटा, पडद्यास स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे उन्हात झकास आणि दिवा गेला की खेळ बंद. लागलीच त्या वर्षी अटारी कंपनीने ‘लिंक्स’ आणला. रंगीत पडद्याचे हे पहिले हाती यंत्र. डावखुऱ्या मुलास उलटे धरून खेळता यावे, अशीही त्यात सोय होती. किंमत मात्र १८० डॉलरच्या घरात. १९९० साली जपानात आणि १९९१ साली अमेरिकेत सेगा कंपनीचा ‘गेम गियर’ आला, १५० डॉलरचा. त्याला वेगळा जोडभाग लावला, की त्यावर दूरदर्शनही पाहता येई. सेगाच्या जाहिरातींनी गेम बॉयच्या करड्या पडद्याची मनसोक्त टिंगल केली. दुकानाच्या काचेत ही यंत्रे शेजारी ठेवली, तर कोणीही रंगीत पडद्याकडेच बोट दाखविले असते. मीही तेच केले होते. फरक एवढाच, की मी पोस्टाने दाखविले.

आता माझ्या खात्याचा हिशेब. गेम बॉयमध्ये चार सेल लागत आणि ते साधारण १५ तास चालत. प्रतिस्पर्धी रंगीत यंत्रांत सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. आपण चार तास धरू. याचे कारण पडद्यामागच्या दिव्यात होते. त्या काळात रंगीत पडदा दिसावयाचा तर त्याच्या पाठीमागे ट्यूबलाइटच्या जातीची एक बारीक नळी सतत पेटती ठेवावी लागे, आणि सेलांतील बरीच शक्ती खेळाऐवजी त्या नळीलाच जाई. मूल रोज दोन तास खेळले तर महिन्याचे ६० तास होतात. गेम बॉयला त्यासाठी १६ सेल पुरतील. रंगीत यंत्रास ९० लागतील. वर्षाचे झाले १९२ विरुद्ध १,०८०. खरेदीच्या किमतीत फरक दुपटीचा होता. चालविण्याच्या खर्चात तो साडेपाच पटींहून अधिक निघाला. हे आकडे मी बत्तीस वर्षांनी प्रथमच कागदावर मांडले. दहा मिनिटांचे काम होते.

बाजारानेही हाच हिशेब केला. गेम गियरची विक्री सुमारे १ कोटी ६ लाखांवर थांबली. गेम बॉय आणि त्याचाच पुढे आलेला रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाख विकले गेले. आखाती युद्धातील बॉम्बहल्ल्यात होरपळून कवच वितळलेला एक गेम बॉय निन्टेंडोच्या न्यूयॉर्कमधील दुकानात अनेक वर्षे काचेच्या पेटीत ठेवलेला होता, आणि त्याच्या पडद्यावर ‘टेट्रिस’ चालू असे.

टेट्रिसचाही वाटा मोठा. मॉस्कोतील अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली रचलेला हा खेळ. वरून पडणारे ठोकळे रचावयाचे, ओळ पूर्ण झाली की ती नाहीशी होते. अमेरिकेत गेम बॉयसोबत कोणता खेळ द्यावा, हा प्रश्न होता तेव्हा हेंक रॉजर्स नावाच्या व्यावसायिकाने निन्टेंडोच्या तेथील प्रमुखांना पटविले, की मारिओ दिला तर मुलगे घेतील, टेट्रिस दिला तर त्यांचे आईवडीलही घेतील. या खेळाची धाकटी भावंडे आपल्या जत्रांतून आणि बसस्थानकांवरच्या दुकानांतूनही पुष्कळ विकली गेली. ‘९९९९ इन १’ असे लिहिलेले ते ब्रिक गेम अनेक वाचकांच्या घरी असतील. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ मोजून पाहण्याचा उद्योग मी केला आहे. मूळ खेळ डझनभर. बाकी सारे वेग आणि क्रम बदलून फुगविलेले. ताळेबंद असा फुगविणारे खातेदारही आम्ही पाहिलेले आहेत.

गेम बॉयच्या अंगाला एक बारीकशी खाच होती, तिच्यात तार जोडून दोन यंत्रे एकमेकांस जोडता येत. सुरुवातीस तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. टोकियोच्या परिसरातील माचिदा येथे वाढलेल्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमविण्याचा छंद होता. त्या तारेतून एका यंत्रातला किडा सरपटत दुसऱ्या यंत्रात जातो आहे, असे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आले आणि १९९६ साली ‘पोकेमॉन’ बाजारात आले. खेळाच्या दोन आवृत्त्या काढल्या, प्रत्येकीत काही प्राणी मुद्दाम कमी ठेवले. सगळे गोळा करावयाचे तर दुसऱ्या मुलाला शोधून त्याच्याशी अदलाबदल करणे भाग. सात वर्षे जुने झालेले, मोडीत निघण्याच्या वयाचे यंत्र या एका तारेने पुन्हा तरुण केले. हा भाग वाचताना मी चश्मा काढून थोडा वेळ बसलो. आमच्या मुलाचे यंत्र चालू असे त्या थोड्या दिवसांत शेजारची दोन मुले त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत असत, आणि “गर्दी करू नका, एकेकाने खेळा” असे म्हणून मी त्यांना घरी पाठवीत असे.

योकोई यांचा मृत्यू १९९७ साली रस्त्यावरील अपघातात झाला. निन्टेंडो सोडल्यावर त्यांनी ज्याच्या रचनेत हात घातला होता ते ‘वंडरस्वान’ यंत्र १९९९ साली बांदाई कंपनीने आणले. ते एकाच पेन्सिल सेलवर चालत असे.

त्यानंतरची मोठी लढत २००४ सालची. एकीकडे निन्टेंडोचे ‘डीएस’, १५० डॉलरचे, दोन पडद्यांचे, त्यांतील खालच्या पडद्यावर लेखणीने लिहिता येई. दुसरीकडे सोनीचे ‘पीएसपी’, अमेरिकेत २५० डॉलरचे, रुंद झगझगीत पडद्याचे, चित्रपट आणि गाणीही चालविणारे. पीएसपीचे खेळ प्लॅस्टिकच्या वेष्टनातील लहान तबकडीवर येत. तबकडी फिरविण्यास मोटर, मोटरीस वीज, आणि खेळ सुरू होईपर्यंत वाट पाहणे आले. डीएसच्या कार्डात हलणारा भागच नव्हता. शिवाय जपानी मेंदूतज्ज्ञ र्‍युता कावाशिमा यांच्या नावाने निघालेल्या आकडेमोडीच्या आणि मोठ्याने वाचण्याच्या खेळामुळे तेथील माझ्या वयाच्या मंडळींनीही डीएस हाती घेतले. त्याने बुद्धी वाढते की नाही, हा वाद वेगळा. डीएस १५ कोटी ४० लाख विकले गेले, पीएसपी त्याच्या निम्म्याच्या आसपास. तरी पीएसपी अयशस्वी म्हणता येणार नाही; एखादी कंपनी साडेसात कोटी यंत्रे विकून दुसरी आली तर तिला नापास म्हणणे योग्य नव्हे.

एवढी तयारी करून मी आजच्या दोन यंत्रांकडे वळलो आणि तेथे माझी पंचाईत झाली. सेल आता नाहीत; दोन्ही यंत्रे मोबाइलप्रमाणे विजेवर चार्ज होतात, तेव्हा त्या खर्चाचा प्रश्नच उरला नाही. चालू खर्च आहे तो खेळ विकत घेण्याचा, आणि या बाबतीत नातवाची बाजू भक्कम निघाली. त्याने मला एक कागद आणून दिला. दोन रकाने, वर्षाचा अंदाज, खाली बेरीज. तो पाहून मला शाखेतील एखाद्या होतकरू अधिकाऱ्याची टिप्पणी वाचत असल्यासारखे वाटले. स्टीम डेक हे अमेरिकेतील वाल्व कंपनीचे यंत्र, फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले. वस्तुतः तो हातात धरता येणारा संगणकच. त्याचे खेळ ‘स्टीम’ या दुकानातून घ्यावयाचे. तेथे भारतीयांसाठी किमती रुपयांत आहेत, आणि वर्षातून अनेकदा मोठी सूट असते. उलट निन्टेंडोचे खेळ वर्षानुवर्षे फारसे उतरत नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये ४५० डॉलरला आलेल्या ‘स्विच २’ साठीच्या मोटारशर्यतीच्या एका खेळाची अमेरिकेतील किंमत ८० डॉलर आहे. स्वतःचा नियम लावावयाचा तर मला नातवाच्या बाजूने निकाल देणे भाग होते.

नातीच्या बाजूने मला दोन मुद्दे सापडले. पहिला मालकीचा. स्विचचे कार्ट्रिज ही वस्तू आहे. खेळून झाल्यावर ती मित्राला देता येते, अर्ध्या किमतीस विकता येते, जुनी विकतही मिळते. स्टीमवर जे मिळते तो वापराचा परवाना; कुटुंबातील सदस्यांना तो वापरू देण्याची सोय त्यांनी केली आहे, पण विकता येत नाही. अर्थात निन्टेंडोही या बाबतीत धुतल्या तांदळासारखी नाही. जुन्या थ्रीडीएस यंत्राचे ऑनलाइन दुकान त्यांनी मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद केले, आणि स्विच २ च्या काही कार्डांत आता खेळ नसतोच, केवळ किल्ली असते. किल्ली घातली की खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा. लॉकरची किल्ली हातात द्यावी आणि दागिने दुसऱ्या गावच्या शाखेत असावेत, असा हा प्रकार. म्हणून नवे स्विच २ मी यादीतून काढले आणि २०२१ सालचे सात इंची ओएलईडी पडद्याचे स्विच विचारात घेतले. त्याचेही एक दुखणे जगभर प्रसिद्ध आहे, ते म्हणजे कंट्रोलरची दांडी काही काळाने आपोआप एका बाजूस सरकू लागते. दुरुस्तीचा तो खर्च मी नातवाच्या कागदावर, त्याच्या समोर, स्विचच्या रकान्यात लिहिला.

दुसरा मुद्दा कागदावर मांडता येण्यासारखा नव्हता. म्हणून एका रविवारी नातवाच्या मित्राचे स्टीम डेक आणि सूनबाईंच्या भाचीचे स्विच, दोन्ही घरी मागविले. मी खुर्ची टाकून बसलो. स्टीम डेकची ओएलईडी आवृत्ती ६४० ग्रॅम भरते. नात दहा मिनिटांनी ते मांडीवर उशी घेऊन खेळू लागली. भाऊ खेळत असता ती त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत राहिली. मग स्विच काढले. त्याच्या दोन्ही कडांचे कंट्रोलर सुटे होतात आणि प्रत्येकाच्या हाती एकेक येतो. पडदा मागच्या टेकूवर जेवणाच्या टेबलावर उभा राहतो. दोघे शर्यत खेळले, भांडले, पुन्हा खेळले. एकदा नातीने मला कंट्रोलर दिला. माझी गाडी सतत कठड्यावर आपटत होती.

सायंकाळी मी निवाडा दिला नाही. दोघांना समोर बसवून कागद त्यांच्या पुढे ठेवला आणि तुमचे पैसे, तुम्हीच ठरवा, असे सांगितले. नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने एक अट घातली. आता स्विच घ्यावयाचे, पण स्टीमवर त्याच्या नावाचे खाते उघडून द्यावयाचे आणि वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर त्याला हवे ते खेळ खेळू द्यावयाचे. नियम वाचून पाहिले तर तेरा वर्षांखालील मुलास तेथे खाते उघडता येत नाही. अज्ञान खातेदाराबाबत आम्ही जितके काटेकोर असू, तितकाच तोही नियम स्पष्ट आहे. तेव्हा ते खाते त्याच्या येत्या वाढदिवशी उघडण्याचे ठरले आणि मी तसे लिहून सही करून दिली. तो राजी झाला. खूश झाला असे मात्र म्हणवत नाही. दोन दिवस माझ्याशी जरा तोडूनच बोलत होता.

ज्यांना अशी खरेदी करावयाची आहे त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. मी चौकशी केली तेव्हा या दोन्ही यंत्रांची आपल्या देशात कंपनीकडून अधिकृत विक्री नव्हती; दुकानांत मिळतात ती बाहेरून आणलेली. तेव्हा हमी कंपनीची नसून दुकानदाराची आहे, हे समजून लेखी घ्यावी आणि पक्के बिल मागावे. स्वस्तातले ‘स्विच लाइट’ घेताना त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. हिंसेची धास्ती असलेल्या पालकांनी खेळाच्या पेटीवरील ३, ७, १२, १६, १८ हे वयाचे आकडे पाहावेत. युरोपातून आलेल्या पेट्यांवर ते असतात. स्विचवर रोजची वेळमर्यादा पालकांना आपल्या मोबाइलवरून घालता येते. सूनबाईंनी एक तास घातला आहे. रविवारी दीड.

सांगलीस परतताना चिरंजीवांनी माझ्या पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेले काही ठेवले. घरी येऊन उघडले तर ते १९९३ चे यंत्र होते. वसतिगृह, पहिली नोकरी, दोन भाड्याची घरे, एवढे बदल होऊनही त्याने ते सांभाळले होते, हे मला ठाऊक नव्हते. सोबत चिठ्ठी होती. “अण्णा, तुमच्या त्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना दाखवून पाहा. पडदा अंधूक झाला आहे.” दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून पाहिले. आतील कपॅसिटर वयोमानाने गळले आहेत, बदलले तर चालेल, म्हणाला. आठ दिवसांनी यंत्र परत मिळाले.

येताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून पेन्सिल सेल मागितले. दुकानदाराने विचारले, “काका, चार देऊ का सहा?”

मी बारा घेतले.